सत्ताविसाव्या वर्षी शिसपेन्सिल

"आपला हातच चांगला नाही हो!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी म्हटलेलं असतं. सातवी-आठवीत एलिमेंटरी दिली, घरच्यांनी रेटलं तर इंटरमिजिएट दिली, मग दहावी आली, बारावी आली, इंजिनिअरिंग आलं, कॅम्पस इंटरव्ह्यू आले... आणि त्या टू-बी, फोर-बीच्या पेन्सिली कंपासपेटीसकट माळ्यावर गेल्या. पुढे कधीतरी जालावर कुणाचं तरी हुबेहूब पेन्सिल स्केच दिसतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यातला पाण्याचा ठिपका. आपण 'वा!' म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो, "देणगी असावी लागते राव."

गेले काही महिने विकांताला मी पेन्सिल घेऊन बसतोय. बसल्यावर, सवयीप्रमाणे, चित्रं कमी काढली आणि चित्रं कशी शिकली-शिकवली गेली याचा इतिहास जास्त वाचला. (हापिसातही नवीन टूल आलं की मी आधी त्याचं डॉक्युमेंटेशन वाचतो. स्वभावाला औषध नाही!) त्यात एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला सांगायचीच होती. अगदी नवशिका माणूस पेन्सिलने खरीखुरी दिसणारी चित्रं काढायला कसा शिकतो, याची जगातली बहुधा सगळ्यात तपशीलवार नोंद एका अशा माणसाची आहे, ज्याला आपण सगळे 'जन्मजात वेडा कलावंत' म्हणून ओळखतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

सूर्यफुलं, तारांकित रात्र, कापलेला कान... हा सगळा मसाला आपल्याला माहीत असतो. पण मंडळी, क्षणभर ते बाजूला ठेवा आणि १८८० सालचा व्हिन्सेंट बघा. वय वर्षं २७. बायोडेटा लिहायला घेतला तर असा होईल: सोळाव्या वर्षी, १८६९ साली, हेगमध्ये 'गुपिल' नावाच्या बड्या चित्रविक्रेत्या कंपनीत चिकटला. लंडन, पॅरिस अशा बदल्या झाल्या आणि १८७६ साली नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये मास्तरकी, मग पुस्तकाच्या दुकानात कारकुनी, मग धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, तीही अर्धवट सोडली. मग बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या भागात धर्मप्रचारक. तिथे स्वतःचे कपडेलत्ते खाणकामगारांना वाटून टाकले आणि गवतावर झोपायला लागला. वरिष्ठांना हे झेपलं नाही, त्यांनी १८७९ साली नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. थोडक्यात, आजच्या भाषेत 'करियर गॅप' आणि तोही भलामोठा. आईवडिलांनी जवळपास आशा सोडलेली.

१८८०च्या उन्हाळ्यात या माणसाने ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं. त्याच्या त्या वेळच्या चित्रांत खाणकामगार बर्फातून कामावर निघालेत असं एक चित्र आहे. ते बघितलं तर 'पूत के पाँव पालने में' वगैरे काही वाटत नाही. माणसं लाकडी बाहुल्यांसारखी ताठ, अंगावरच्या कपड्यांच्या आत शरीर आहे की नाही अशी शंका यावी. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी दहापैकी पाच दिले असते. तेही सर चांगल्या मूडमध्ये असतील तर.

आता गंमत बघा. शिकायचं ठरल्यावर त्याने काय केलं? पॅरिसला गुपिलमध्येच नोकरीला असलेल्या धाकट्या भावाला, थिओला, पत्र लिहिलं आणि हेगच्या गुपिल शाखेचे प्रमुख तेरस्टेख यांच्याकडून एक 'कोर्स' उसना मागवला. म्हणजे ज्या कंपनीतून नोकरी गेली, त्याच कंपनीने छापलेला क्लास लावला!

हा कोर्स म्हणजे शार्ल बार्ग नावाच्या चित्रकाराने केलेला चित्रांचा संच. १८६६ ते १८७१ या काळात तो छापला गेला. त्यावर ज्याँ-लिओं जेरोम या त्या काळच्या प्रख्यात चित्रकाराचंही नाव आहे. जेरोम हा गुपिलशेठचा जावई, म्हणजे प्रकरण घरातलंच. एकूण १९७ छापील पानं आणि त्यांचे तीन भाग. पहिल्या भागात ७० पानं, प्लास्टरच्या पुतळ्यांवरून केलेली: डोळे, कान, हात, पाय, मग चेहरे, मग पूर्ण पुतळे. दुसऱ्यात ६७ पानं, जुन्या-नव्या उस्तादांच्या चित्रांवरून. तिसऱ्यात कोळशाने करायचे ६० अभ्यास, जिवंत मॉडेलवरून केलेल्या मानवी आकृत्यांचे. विद्यार्थ्याने काय करायचं? नक्कल. बस्स. समोर पान ठेवायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं.

हे ऐकून आपल्या नव्या जमान्याच्या कानांना कसंतरी होतं. घोकंपट्टी! सर्जनशीलतेचा खून! मलाही उत्सुकता होती म्हणून त्यातली काही पानं छापून घेतली आणि एकेक करायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की बार्ग हा चित्रकार तर होताच, पण आतून पक्का इंजिनिअर होता.

पहिल्या भागातल्या बऱ्याच पानांवर एकच वस्तू दोनदा असते. उजवीकडे पूर्ण, छायाप्रकाशासकट. डावीकडे तीच, पण फक्त मोजक्या सरळ रेषांत. पाऊल असेल तर आधी चार-पाच सरळ रेषांचा एक ओबडधोबड बहुकोन. त्यात टाचेचा कोन किती, अंगठ्याचं टोक टाचेपेक्षा किती खाली, हे आधी पक्कं करायचं. मग त्या सरळ रेषा मोडून वळणं काढायची. मग सावली जिथे सुरू होते तिथे एक सीमारेषा आखायची, सावलीचा सगळा भाग एकसारखा भरून घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी त्या दोन टोकांमधल्या करड्या छटा. आपण नवशिके बरोबर उलट करतो. आधी पापणीचे केस काढतो आणि मग डोळा चेहऱ्यावर मावत नाही!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याला चित्र 'येत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हातात नसतं. वळणदार अक्षरात सही करणारा हात एक तिरकी रेष नक्कीच काढू शकतो. घोळ डोक्यात असतो. 'डोळा' म्हटलं की डोकं सांगतं, बदामाचा आकार आणि मध्ये गोल. समोरच्या माणसाचा डोळा त्या क्षणी त्या कोनातून भले एका काळसर त्रिकोणी डागासारखा दिसत असेल, पण आपण बदामच काढतो. म्हणजे दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतो. बार्गच्या पद्धतीत तुम्ही 'डोळा' काढतच नसता. तुम्ही अमुक लांबीची, अमुक तिरकी रेष काढत असता. डोक्याला बदाम काढायची संधीच मिळत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्यातल्या प्रोग्रॅमरला फार भावली. जिवंत माणूस समोर बसवला तर तो हलतो, उजेड बदलतो, आणि आपलं चित्र कुठे चुकलं ते कळतच नाही. फक्त 'काहीतरी बिनसलंय' एवढंच कळतं. छापील पान हलत नाही. आपलं चित्र पारदर्शक कागदावर उतरवून मूळ पानावर ठेवलं की चूक मिलिमीटरमध्ये दिसते. हनुवटी तीन मिलिमीटर खाली, नाक जरा जास्तच उभं. म्हणजे हा उत्तर माहीत असलेला टेस्ट केस आहे, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त गरज असते ती याचीच. 'देणगी' हा शब्द आपण जिथे वापरतो, तिथे पुष्कळदा असा चटकन मिळणारा फीडबॅक नसतो, इतकंच.

तर व्हिन्सेंटने बोरिनाजमधल्या एका खाणकामगाराच्या घरात, अपुऱ्या उजेडाच्या खोलीत, या पानांचा अक्षरशः फडशा पाडला. कोळशाची साठ पानं काही आठवड्यांत होत आली होती. तो पुढच्या काही महिन्यांत पुन्हा केली, १८८१ साली परत केली. थिओने पाठवलेले पहिले पन्नास फ्रँक त्याला त्याआधीच मिळालेले होते आणि ही मदत पुढे दहा वर्षं चालली. हे विसरून चालणार नाही. हा कोर्स कुणाच्या तरी पगारावर चालला होता.

इथे जरा वाट वाकडी करून पेन्सिलीबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. आपण मराठीत 'शिसपेन्सिल' म्हणतो. लहानपणी टोक बोटात घुसलं तर 'शिसं अंगात भिनतं' अशी भीती घातली जायची. पेन्सिलीत शिसं नसतंच. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल इथे एक काळा, मऊ, चकाकता खनिज सापडला. लोकांना वाटलं हा शिशाचाच प्रकार. १७७९ साली शील या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा कार्बनचा प्रकार आहे, आणि १७८९ साली वेर्नरने त्याला ग्राफाइट हे नाव दिलं. पण तोवर चूक भाषेत मुरली होती. इंग्रजीत 'लेड' राहिलं आणि तिथून आपल्याकडे शिसं आलं.

बॉरोडेलचं ग्राफाइट इतकं शुद्ध की नुसतं कापून लाकडात बसवलं की पेन्सिल तयार. ते तोफगोळ्यांच्या साच्यांसाठीही वापरायचे, त्यामुळे त्याच्या चोरीविरुद्ध १७५२ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा केला! फ्रान्स-इंग्लंड युद्धात फ्रान्सला हा माल मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते याने हलक्या ग्राफाइटची पूड आणि माती एकत्र मळून भट्टीत भाजली. पेटंट १७९५ सालचं. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर मऊ आणि काळी. आपल्या हातातल्या अप्सरा-नटराजच्या एच, एचबी, टू-बी यामागे तत्त्व हेच. छायाप्रकाशाचं बारीक पेन्सिलकाम सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते या मातीमुळे.

असो. व्हिन्सेंट १८८०च्या ऑक्टोबरमध्ये ब्रसेल्सला गेला. तिथल्या अकादमीत नाव घातलं, पण फार काळ टिकला नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतून हाडं आणि स्नायू उतरवून काढले, पर्स्पेक्टिव्हची पुस्तकं वाचली. १८८१ साली आईवडिलांकडे एटेनला आला आणि शेतात काम करणाऱ्या माणसांना समोर उभं करून काढायला लागला. एका पत्रात तो हिशेबच देतो: कुदळवाला पाच वेळा, पेरणी करणारा दोनदा, झाडूवाली मुलगी दोनदा. पानांवरून शिकलेलं आता हलत्या माणसांवर लागू करायचं होतं.

मग नात्यातला चित्रकार अँटन मोव्ह याच्याकडे तो हेगला शिकायला गेला. मोव्हने पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून काढ म्हणून आग्रह धरला. व्हिन्सेंटला ते नको होतं, त्याला जिवंत हातपाय काढायचे होते. भांडण झालं. घरी येऊन त्याने त्या प्रतिकृती कोळशाच्या डब्यात फेकल्या आणि त्या फुटल्या. आपल्याला हे फार दूरचं वाटायला नको. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतही त्या काळी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या अशाच प्रतिकृतींवरून मुलं हात बसवत होती. पद्धत एकच, फक्त विद्यार्थ्यांच्या मागे ॲपोलोशी नातं सांगणारा कुठलाही इतिहास नव्हता. प्लास्टरचा कंटाळा हेगमध्येच येत असेल असं नाही!

१८८२ साल मात्र खरं कसोटीचं. व्हिन्सेंट हेगमध्ये सीन नावाच्या गरीब, गरोदर बाईला आणि तिच्या मुलीला आधार देऊन राहत होता. तीच त्याची मॉडेल. मोव्हने संबंध तोडले. आणि ज्या तेरस्टेख यांनी बार्गचा संच उसना दिला होता, त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं की तू कलावंत नाहीस, तू फार उशिरा सुरुवात केलीस आणि स्वतःचं पोट स्वतः भर. वय २९. विचार करा, हे वाक्य एखाद्या ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. चित्रांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाचं होतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या ॲम्स्टरडॅमच्या काकांनी, जे स्वतः चित्रविक्रेते होते, हेगच्या दृश्यांची १२ चित्रं सांगितली. दर एका चित्राला अडीच गिल्डर. म्हणजे पहिली ऑर्डर तीस गिल्डरची. शहराची दृश्यं काढायची तर पर्स्पेक्टिव्ह चुकून चालत नाही. त्यासाठी तो जे साधन वापरायचा, त्याची सुधारित आवृत्ती त्याने त्या उन्हाळ्यात करून घेतली: एक लाकडी चौकट, तिच्यात उभे, आडवे आणि तिरके दोरे ताणलेले. सुताराकडून आणि लोहाराकडून काम करून घेतलं. दोन खुंट वाळूत रोवायचे, त्यावर चौकट बसवायची आणि खिडकीतून बघावं तसं समुद्राकडे बघायचं. ऑगस्टमध्ये थिओला लिहिलेल्या पत्रात त्याचं रेखाचित्रही आहे. कल्पना त्याची नव्हे. आल्बेर्तीने १४३५ साली धाग्यांच्या पडद्याचं वर्णन केलंय आणि ड्यूररच्या पुस्तकात अशी यंत्रं आहेत, हे व्हिन्सेंटला ठाऊक होतं.

ही चीटिंग आहे का? हा प्रश्न हमखास येतो. माझं मत सांगतो. चौकट चित्र काढत नाही. ती फक्त सांगते की छपराची कड मधल्या दोऱ्याच्या किती खाली आहे. म्हणजे बार्गने कागदावर जे शिकवलं, तेच ही चौकट समुद्रकिनाऱ्यावर शिकवते: माहीत आहे ते विसर आणि मोज. तुम्हाला करून बघायचं असेल तर बुटाच्या खोक्याचं झाकण कापा, दोन उभे-दोन आडवे दोरे बांधा, झाली चौकट. डोळा मात्र एकाच जागी ठेवायचा आणि दुसरा मिटायचा, नाहीतर सगळं सरकतं. काही आठवड्यांनी दोऱ्यांशिवायही दोरे दिसायला लागतात. ट्रॅफिकमध्ये उभं असताना समोरच्या बसची कड किती तिरकी आहे हे मी हल्ली मोजत असतो :)

आणि पेन्सिल? व्हिन्सेंटला सुताराची जाड पेन्सिल आवडायची. जुन्या उस्तादांकडे काही फाबरच्या बी, डबल बी नव्हत्या, ग्राफाइटचा ओबडधोबड तुकडाच असणार, असं त्याचं म्हणणं. ग्राफाइटची ती नको असलेली चकाकी घालवायला तो चित्रावर चक्क दूध ओतायचा. दूध वाळलं की रेघ घट्ट बसते आणि काळा रंग मखमली दिसतो. महागड्या पेन्सिलींचा सेट येईपर्यंत थांबलेल्या सगळ्या मित्रमंडळींसाठी ही माहिती!

त्या वर्षाच्या शेवटाकडे त्याने वृद्धाश्रमातल्या एका म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून काढलं. दोन्ही मुठींत चेहरा लपवून, पुढे वाकून बसलेला म्हातारा. १८८०च्या त्या लाकडी बाहुल्यांच्या शेजारी हे चित्र ठेवून बघा. कोटाच्या आत पाठ आहे. कोपराचं वजन गुडघ्यावर आलंय. मध्ये फक्त दोन वर्षं गेलीत, आणि त्या दोन वर्षांत काय काय केलं ते तारीखवार पत्रांत आहे. व्हिन्सेंटने लिहिलेली आठशेहून जास्त पत्रं शिल्लक आहेत आणि २००९ पासून ती सगळी इंग्रजीत जालावर फुकट वाचता येतात. 'देणगी' कुठल्या आठवड्यात आली ते मी त्यात शोधलं. कोर्स, हाडं, कुदळवाले, चौकट, एवढंच सापडलं.

आता कुणी म्हणेल, इतकं करून तो प्रसिद्ध झाला तो हुबेहूब चित्रांसाठी थोडाच? खरं आहे. पुढे त्याने रंगांत आणि रेषांत जे केलं त्याला फोटोसारखं कुणी म्हणणार नाही. इतकी पानं गिरवून सगळेच व्हॅन गॉग होतात असंही नाही. हजारो विद्यार्थ्यांनी तोच बार्ग केला आणि त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पण त्यांनाही चित्र काढता येऊ लागलं, हे आपण विसरतो. 'महान होणं' आणि 'येणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची खात्री नाही म्हणून आपण दुसरीही सोडून देतो.

शेवटची दोन टोकं सांगून थांबतो. १८९०च्या मे महिन्यात, सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात, त्याने तो आठ वर्षांपूर्वीचा मुठींत चेहरा लपवलेला म्हातारा पुन्हा काढला, या वेळी तैलरंगात, निळ्या कपड्यांत. पेन्सिलीने शिकलेला माणूस आत टिकून होता. आणि जून १८९०मध्ये, ओव्हेरहून थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने एक मागणी केली. सूर्यफुलं आणि तारांकित रात्र रंगवून झालेल्या या माणसाला काय हवं होतं? बार्गचे कोळशाचे अभ्यास. उसने मिळाले तरी चालतील. साठच्या साठ पानं महिन्याभरात पुन्हा काढून होतील, असा त्याचा अंदाज होता. प्रमाणाचा आणि मानवी आकृतीचा अभ्यास सुटायला नको, म्हणून.

२९ जुलै १८९० रोजी तो गेला. वय ३७. सुरुवात करून जेमतेम दहा वर्षं झाली होती. तेरस्टेख यांना जे 'फार उशिरा' वाटलं होतं, ते वय हे लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी केव्हाच ओलांडलंय. तेव्हा माळ्यावरून ती कंपासपेटी काढा. आधी डोळा नको, एक पाऊल काढा. पाच सरळ रेषांत.